डिस्क बदलल्यावर आयट्यून्समध्ये उद्गारचिन्हं; ड्राइव्हचं अक्षर दुरुस्त केलं तरी काही मराठी गाणी सापडेनात

मंद्रसप्तक (प्रश्न)

विंडोज ११, आयट्यून्स १२. लायब्ररीत साधारण ११,४०० गाणी. सगळी ऑडिओ फाइल्स बाहेरच्या डिस्कवर, म्हणजे ई: ड्राइव्हवर होती. ती डिस्क बंद पडली. लायब्ररीची मूळ फाइल (आयट्यून्स लायब्ररी डॉट आयटीएल) सी: वर असल्याने शाबूत आहे.

गाण्यांचा बॅकअप होता, पण तो फिरून आला आहे. जुन्या डिस्कवरून मॅकच्या डिस्कवर (फाइल सिस्टिम एचएफएस प्लस), तिथून आरसिंक या कॉपी करण्याच्या प्रोग्रामने घरच्या एनएएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणपेटीवर (लिनक्स, फाइल सिस्टिम ईएक्सटी४), आणि आता एनएएसवरून नेटवर्कने नव्या डिस्कवर (विंडोजची एनटीएफएस). फोल्डरांची रचना पूर्वीसारखीच आहे. नव्या डिस्कला विंडोजने एफ: हे अक्षर दिलं.

आता गाणं वाजवायला गेलं की पुढे उद्गारचिन्ह येतं आणि ‘मूळ फाइल सापडली नाही, शोधायची का’ असं विचारतो. एका गाण्याची फाइल हाताने दाखवली तर ते चालतं. ११,४०० वेळा असं करणं शक्य नाही. प्लेलिस्ट, तारे, किती वेळा वाजलं ते आकडे आणि गाणं कधी घेतलं ती तारीख, यातलं काही गमवायचं नाही. कुठून सुरुवात करू?

---

झटपट

सगळं सिलेक्ट करून डिलीट करा, मग फाइल > ॲड फोल्डर टू लायब्ररी करून एफ: दाखवा. अर्ध्या तासाचं काम.

---

खर्ज

वरचा उपाय करू नका. आयट्यून्समध्ये प्लेलिस्ट फाइलच्या नावाशी जोडलेली नसते, लायब्ररीतल्या नोंदीच्या क्रमांकाशी जोडलेली असते. नोंद पुसली की तारे, वाजल्याचे आकडे, घेतल्याची तारीख आणि प्लेलिस्टमधली जागा असं सगळं तिच्यासोबत जातं. पुन्हा घातलेलं गाणं त्याच्या दृष्टीने नवंच. आणि न पुसता नुसता फोल्डर घातलात तर प्रत्येक गाणं दोनदा दिसेल, एक मेलेलं, एक जिवंत.

नोंदी जागच्या जागी ठेवायच्या आणि फाइल्स नोंदीत लिहिलेल्या पत्त्यावर आणून उभ्या करायच्या. या कामात यापलीकडे तत्त्व नाही. नोंदीत पूर्ण पत्ता असतो, ड्राइव्हच्या अक्षरासकट. म्हणून:

१. आयट्यून्स बंद करा. आयटीएल फाइलची प्रत दुसरीकडे ठेवा. त्याच फोल्डरात ‘प्रीव्हियस आयट्यून्स लायब्ररीज’ नावाचा फोल्डर असेल, त्यात आवृत्ती बदलताना काढलेल्या जुन्या प्रती असतात. त्यालाही हात लावू नका.

२. विंडोज आणि एक्स ही बटणं एकत्र दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. नव्या डिस्कच्या पार्टिशनवर राइट क्लिक > चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स > चेंज > ई. यादीत ई दिसत नसेल तर ते कार्ड रीडरने किंवा पेन ड्राइव्हने घेतलेलं असतं, आधी त्याला दुसरं अक्षर द्या.

३. ई: वर फोल्डरचा पत्ता तंतोतंत जुनाच आहे ना ते बघा. ‘म्युझिक’च्या आत चुकून आणखी एक ‘म्युझिक’ तयार झालेला असणं ही कॉपी करतानाची नेहमीची गडबड.

४. आयट्यून्स उघडा. एडिट > प्रेफरन्सेस > ॲडव्हान्स्डमध्ये मीडिया फोल्डरचा पत्ता तपासा. डिस्क जोडलेली नसताना आयट्यून्स उघडलं गेलं असेल तर हा पत्ता गुपचूप सी: वरच्या मूळ जागी गेलेला असतो. नंतर घेतलेली गाणी तिकडे साठत राहतात आणि निम्मा संग्रह इथे, निम्मा तिथे होतो.

उद्गारचिन्हं लगेच जाणार नाहीत. आयट्यून्स प्रत्येक फाइल सारखी तपासत बसत नाही, गाण्याला हात लावला की तपासतं. दहा-वीस गाणी निरनिराळ्या फोल्डरांतून वाजवून बघा.

आणि हो, एक गाणं हाताने दाखवल्यावर ‘हीच जागा वापरून बाकीची हरवलेली गाणी शोधू का’ असंही तो विचारतो. अक्षर बदलणं शक्य नसेल तेव्हा तो मार्ग ठीक आहे. तुमच्याकडे शक्य आहे, तेव्हा आधी अक्षर.

---

मंद्रसप्तक

अक्षर ई: केलं. बहुतेक सगळं परत आलं, आभार. पण काही गाणी अजून अडकली आहेत आणि त्यात विचित्र गोष्ट अशी की फाइल त्या जागी डोळ्यांना दिसते आहे. नावही तेच, फोल्डरही तोच. काही अल्बमची दोन-तीन गाणी गेलीत, काही अल्बम अख्खेच्या अख्खे. इंग्रजी नावांचं एकही गेलेलं नाही, सगळी देवनागरी नावं. पण सगळी देवनागरी नावंही गेलेली नाहीत. हरवलेल्यांची एकत्र यादी कशी काढू?

---

टेपडेक

यादी काढायला आयट्यून्समध्ये थेट सोय नाही, पण एक जुनी युक्ती आहे. मेलेलं गाणं साध्या प्लेलिस्टमध्ये ओढून टाकता येत नाही, याचा फायदा घ्यायचा.

‘जिवंत’ नावाची साधी प्लेलिस्ट करा. साँग्समध्ये जाऊन कंट्रोल-ए, सगळं ओढून ‘जिवंत’मध्ये टाका. अकरा हजार फाइल्स तपासायला वेळ लागतो, मधे खिडकी पांढरी पडली तरी बंद करू नका. मग स्मार्ट प्लेलिस्ट करा, दोन अटी: ‘प्लेलिस्ट इज म्युझिक’ आणि ‘प्लेलिस्ट इज नॉट जिवंत’. त्यात उरतील ती हरवलेली. यादी नावाने लावून बघा आणि काही समान दिसतंय का ते इथे सांगा.

---

मंद्रसप्तक

यादीत ६४३ गाणी आली. बरीचशी भावगीतं. नावांत वाऱ्यावर, किनाऱ्यावर, ताऱ्यांनी, गोऱ्या, दुसऱ्या असे शब्द. अख्खे गेलेले अल्बम बघितले तर त्यांच्या फोल्डरच्या नावात असाच शब्द आहे. शिवाय ग़ज़ल नावाच्या फोल्डरातलं सगळं.

---

अर्धमात्रा

निदान तुमच्या यादीतच आहे. सगळ्या शब्दांत ‘ऱ’ आहे, म्हणजे नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असलेला र. मराठी भावगीतात वारा, किनारा आणि तारा यांना तोटा नाही, म्हणून तुमचा आकडा सहाशेवर गेला. एखाद्या तालवाद्याच्या संग्रहात पाच-दहा फाइल्स गेल्या असत्या आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, अखंड अक्षर, क्रमांक ०९३१. दोन, साधा र (०९३०) आणि त्यापुढे सुटा नुक्ता (०९३सी). पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. युनिकोडच्या नियमानेही ते समान मानायचे असतात. पण फाइल सिस्टिम नियम वाचत नाही, ती आकडे बघते. एनटीएफएसच्या लेखी ही दोन वेगळी नावं. ईएक्सटी४ तर नुसते बाइट जुळवतं.

तुमच्या साखळीत कडी कुठे तुटली ते असं. जुन्या डिस्कवर नाव अखंड ऱ ने होतं आणि आयट्यून्सच्या नोंदीतही तसंच आहे. मॅकच्या एचएफएस प्लसवर फाइल ठेवली की ती सिस्टिम नाव स्वतःहून सुटं करून साठवते. ऱ चा र + नुक्ता होतो. मॅकवर असेपर्यंत कळत नाही, कारण तिथे शोधतानाही नाव सुटं करूनच शोधतात. आरसिंकने ते सुटं नाव जसंच्या तसं एनएएसवर नेलं, एनएएसने जसंच्या तसं विंडोजला दिलं. परत जोडून द्यायचं काम वाटेत कोणीच केलं नाही. (नव्या मॅकवरची एपीएफएस नाव जसं दिलं तसं ठेवते, शोधताना मात्र दोन्ही रूपं एकच धरते. त्यामुळे मॅकवर सगळं ठीक दिसतं हा पुरावा कधीच धरू नये.)

खात्री करून घ्या. एक्सप्लोररमध्ये एफ२ दाबून फाइलचं नाव कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ‘वाऱ्या’च्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस एकेक दाबा. पहिल्याने काना, दुसऱ्याने य, तिसऱ्याने हलन्त जाईल. चौथ्याने अख्खा ऱ गेला तर अक्षर अखंड आहे. नुसता नुक्ता जाऊन र उरला तर सुटं. वर्ड असेल तर तीन बॅकस्पेसनंतर ऑल्ट-एक्स दाबा, क्रमांकच दिसेल: ०९३१ किंवा ०९३सी.

नोंदीची बाजूही तपासा. फाइल > लायब्ररी > एक्सपोर्ट लायब्ररी करून एक्सएमएल काढा आणि एखाद्या हरवलेल्या गाण्याची ‘लोकेशन’ ही ओळ बघा. देवनागरी तिथे टक्केचिन्हांच्या भाषेत असतं, एका चिन्हाला तीन बाइट आणि बाइटमागे टक्का धरून तीन खुणा, म्हणजे एकूण नऊ. अखंड ऱ म्हणजे ई०-ए४-बी१. सुटा म्हणजे ई०-ए४-बी० आणि लगेच ई०-ए४-बीसी. तुमच्या नोंदीत बी१ असणार आणि डिस्कवर बी०-बीसी.

आता दोन मार्ग. नोंदी बदलायच्या नाहीत हे ठरलंच आहे, तेव्हा फाइलची नावंच जोडून घ्यायची. जोडलेल्या रूपाला एनएफसी म्हणतात, सुट्याला एनएफडी. विंडोजवर पॉवरशेल (आज्ञा टाइप करून चालवायची खिडकी) हे काम करतं, एनएएसवर कन्व्हएमव्ही हा नावं बदलणारा प्रोग्राम. एनएएसवर दुरुस्त करून सगळं पुन्हा कॉपी करणार असाल तर आधी नव्या डिस्कवरचं काढा. नाहीतर जोडलेली आणि सुटी अशी दोन्ही नावं एकाच फोल्डरात शेजारी नांदतील, विंडोजला त्यात काही गैर वाटत नाही, आणि कुठली ठेवायची ते डोळ्यांनी ओळखता येणार नाही.

---

पाइपलाइन

डिस्क विंडोजला जोडलेलीच आहे, तर पॉवरशेल सोपं. आज्ञा अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या, इथे वाचायला देवनागरीत देतो.

गेट-चाइल्डआयटम, त्याला ‘रिकर्स’ आणि ‘फाइल’ हे पर्याय. हे सगळं कंसात घाला. कंस विसरलात तर यादी काढणं आणि नावं बदलणं एकाच वेळी चालतं आणि बदललेली फाइल पुन्हा यादीत येऊ शकते. पुढे पाइप (उभी रेघ), व्हेअर-ऑब्जेक्ट, आणि अट अशी की नावावर ‘इझनॉर्मलाइझ्ड’ ही पद्धत चालवल्यावर उत्तर ‘नाही’ यावं. पुन्हा पाइप, रीनेम-आयटम, नवं नाव म्हणजे जुन्या नावावर ‘नॉर्मलाइझ’. दोन्ही पद्धतींच्या कंसात काही द्यायचं नाही, काही न दिलं तर त्या एनएफसीच धरतात.

पहिल्यांदा शेवटी ‘व्हॉटइफ’ जोडून चालवा. नुसती यादी येईल, बदल होणार नाही. पॉवरशेलच्या काळ्या-निळ्या खिडकीत देवनागरी चौकोन दिसले तर घाबरू नका, तो फॉन्टचा प्रश्न आहे, नावाचा नाही. नीट वाचायची असेल तर अटीपर्यंतची आज्ञा आउट-ग्रिडव्ह्यूकडे पाठवा, वेगळी खिडकी उघडते.

इथे हमखास होणारी चूक: अट लिहिताना ‘जुनं नाव नॉट-इक्वल नवं नाव’ अशी तुलना करणं. पॉवरशेलची साधी तुलना भाषेच्या नियमाने चालते, तिला सुटा ऱ आणि अखंड ऱ समानच वाटतात. त्यामुळे यादी रिकामी येते आणि माणूस समजतो की नावं ठीकच आहेत. म्हणून इझनॉर्मलाइझ्ड.

फाइल्स झाल्यावर फोल्डर. तीच आज्ञा, ‘फाइल’ऐवजी ‘डिरेक्टरी’, पण मधे सॉर्ट-ऑब्जेक्ट घालून पूर्ण पत्त्याच्या लांबीने उतरत्या क्रमाने लावा. सगळ्यात आतला फोल्डर आधी, बाहेरचा शेवटी. उलट केलंत तर बाहेरच्याचं नाव बदलताच आतल्यांचे पत्ते चुकतात आणि लाल अक्षरांचा पाऊस पडतो. नुकसान होत नाही, पण पुन्हा चालवावं लागतं.

हे सगळं आयट्यून्स बंद असताना.

---

अर्धमात्रा

पाइपलाइन यांच्या उत्तराला एक महत्त्वाची पुरवणी, आज्ञा चालवण्याआधी वाचा.

नव्या डिस्कवर मॅकमार्गे न आलेलं काही असेल, म्हणजे डिस्क घेतल्यानंतर थेट विंडोजवरून टाकलेली गाणी, तर ती या आज्ञेतून वगळा. कारण हिंदी-उर्दूतली नुक्त्याची आठ अक्षरं, क़ ख़ ग़ ज़ ड़ ढ़ फ़ य़ (०९५८ ते ०९५एफ), युनिकोडने जोडणीतून मुद्दाम वगळलेली आहेत. ऱ सुटा असेल तर एनएफसी तो जोडतं. ही आठ मात्र एनएफसीसुद्धा सुटीच ठेवतं. त्यामुळे चांगल्या चाललेल्या फाइलच्या नावात अखंड ज़ असेल तर नॉर्मलाइझ तो फोडून ठेवेल आणि त्या गाण्यापुढे नवं उद्गारचिन्ह येईल. दुरुस्त करायला जाऊन बिघडवायची ही जागा आहे.

तुमचा ग़ज़लचा फोल्डर याच कारणाने या आज्ञेला दाद देणार नाही. आधी ऱ ची गाणी येऊ द्या, मग त्याच्याकडे वळू.

---

मंद्रसप्तक

थेट टाकलेलं काहीच नव्हतं, सगळं एनएएसवरूनच आलेलं. व्हॉटइफने ४११ फाइल्स आणि २३ फोल्डर दाखवले, ग्रिडव्ह्यूत तपासले, मग खरी आज्ञा चालवली. ‘जिवंत’ रिकामी करून परत भरली. ६४३ वरून ७४ उरली. त्यातली ६५ ग़ज़ल फोल्डरातली. बाकी ९ वेगवेगळ्या ठिकाणची आणि त्या फाइल्स डिस्कवर खरोखरच नाहीत, एनएएसवरही नाहीत.

---

अर्धमात्रा

ग़ज़ल आधी. एक्सएमएलमधल्या लोकेशनमध्ये ज़ कसा आहे ते बघा. ई०-ए५-९बी असेल तर अखंड (०९५बी). डिस्कवर तो ज आणि नुक्ता असा सुटा आहे. ग़ चंही तसंच, अखंड असेल तर ०९५ए, म्हणजे ई०-ए५-९ए.

पॉवरशेलमध्ये फोल्डरच्या नावावर ‘रिप्लेस’ चालवा: ०९१सी + ०९३सी या जोडीच्या जागी ०९५बी, आणि ०९१७ + ०९३सी च्या जागी ०९५ए. अक्षरं कीबोर्डवरून टाइप करू नका, तुमचा कीबोर्ड यातलं कुठलं रूप देतो ते दिसत नाही. ‘चार’ (आकडा नव्हे, कॅरेक्टरचं लघुरूप) हा प्रकार आणि शून्य-एक्स लावलेला क्रमांक, अशीच द्या. रिप्लेस आकडेच जुळवतं, तुलनेसारखा भाषेचा घोळ त्यात नाही. फक्त ‘रिप्लेस’ ही पद्धत वापरा, आधी डॅश असलेली क्रिया नको.

आधी फोल्डर बदलून आतली किती गाणी परत येतात ते बघा. फोल्डरमुळे सगळी पासष्ट अडकलेली असतील तर आतल्या नावांना हात लावायची गरजच नाही. एखाद्या फाइलच्या नावातही अखंड ज़ लागत असेल, तर फक्त त्या फाइलवर हेच करा. सरसकट नको, कारण काही नोंदींत मूळचाच सुटा ज़ असू शकतो. कोणत्या साधनाने नाव टाइप झालं यावर ते अवलंबून.

जाता जाता, अशाच गोंधळाचे दोन भाऊ आहेत. ‘ऱ्य’ काही जुनी टंकनसाधनं र + हलन्त + शून्यरुंदीचा जोडक अशी लिहितात (टक्क्यांच्या भाषेत शेवटी ई२-८०-८डी). दिसायला तेच, पण हे रूप ०९३१ शी समान मानलं जात नाही, म्हणून कुठलंही नॉर्मलाइझ त्याला बदलणार नाही. आणि ॲ: एक अखंड (०९७२), दुसरा अ वर चंद्र देऊन केलेला. युनिकोडमध्ये अखंड ॲ २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत आला, त्याआधीच्या फाइल्समध्ये जोडून केलेलाच असणार. यांचंही आपोआप रूपांतर होत नाही. नोंदीत एक आणि फाइलला दुसरं असेल तर हातानेच जुळवावं लागतं.

---

खर्ज

उरलेल्या नऊंची नावं लांबलचक आहेत का? म्हणजे गाणं, राग, ताल, गायक, मैफलीचं ठिकाण, सगळं फाइलच्याच नावात?

---

मंद्रसप्तक

होय! नऊच्या नऊ. शास्त्रीय गायनाच्या ध्वनिमुद्रणांची नावं आहेत, बंदिशीच्या पहिल्या ओळीसकट. एनएएसवर गेलीच नाहीत का ती?

---

खर्ज

गेलीच नाहीत. ईएक्सटी४ वर एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे (बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमवरही तीच). इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, देवनागरीत प्रत्येक चिन्ह तीन बाइट. मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगळं चिन्ह म्हणून मोजायचं. ‘नाट्यसंगीत’ बघायला पाच अक्षरं, पण चिन्हं दहा आणि बाइट तीस. म्हणजे एका नावात जास्तीत जास्त ८५ चिन्हं, त्यातून एमपी३ चं शेपूट वजा. वाचणाऱ्याला ते चाळीस-पंचेचाळीस अक्षरांचंच नाव वाटतं. एनटीएफएस आणि एचएफएस प्लस या दोघांची मर्यादा २५५ चिन्हांची असल्याने विंडोजवर आणि मॅकवर त्याच नावाला काही अडचण आली नाही.

आरसिंकने ‘फाइल नेम टू लाँग’, क्रमांक ३६, अशी ओळ नऊ वेळा छापली असणार. हजारो फाइल्सच्या यादीत ती वर सरकून गेली. आरसिंकच्या शेवटच्या ओळीत ‘काही फाइल्स गेल्या नाहीत’ अशा अर्थाची सूचना आणि कोड २३ आला की वर जाऊन कारण वाचायचंच. एनएएसवरचा शेअर्ड फोल्डर एनक्रिप्टेड असेल तर मर्यादा आणखी खाली येते. ईक्रिप्टएफएस वापरणाऱ्या एनएएसवर ती १४३ बाइट असते, म्हणजे देवनागरीत ४७ चिन्हं. तुमच्याकडे नऊच गेली, त्याअर्थी तुमचा तसा नसावा.

फाइल्स मॅकच्या डिस्कवर असतील. एक्सफॅट पेन ड्राइव्हने थेट मॅकवरून विंडोजवर आणा, एनएएस वाटेत नको. ज्या फोल्डरात होत्या तिथेच ठेवा आणि नाव लहान करू नका, नोंदीत लांब नावच आहे. नंतर त्यांच्या नावांवर इझनॉर्मलाइझ्ड चालवून बघा. विंडोजची जुनी २६० चिन्हांची मर्यादा अख्ख्या पत्त्याला लागते, ड्राइव्ह आणि फोल्डर धरून. पूर्वी चालत होतं त्याअर्थी त्यात बसतंय, पण म्हणूनच वाटेत एखादा जादा फोल्डर घालू नका.

मग ही नऊ नावं आयट्यून्समधूनच आटोपशीर करा. ‘कीप आयट्यून्स मीडिया फोल्डर ऑर्गनाइझ्ड’ला खूण असेल आणि फाइल मीडिया फोल्डरात असेल तर गाण्याचं शीर्षक बदललं की फाइलचं नाव आणि नोंद दोन्ही एकदम बदलतात. बंदिशीची ओळ, ताल, ठिकाण वगैरे कॉमेंट्सच्या रकान्यात जाऊ द्या. एक्सप्लोररमधून नाव बदलू नका, तो तर उद्गारचिन्ह मिळवण्याचा राजमार्ग.

---

टेपडेक

एनएएसवरच्या प्रतीचंही बघा, नाहीतर पुढच्या वेळी तिथून परत आणताना पहिल्यापासून सुरुवात. कन्व्हएमव्हीला दोन्हीकडे यूटीएफ८ द्या, ‘एनएफसी’ आणि ‘आर’ हे पर्याय जोडा. तो मुळात नुसता कोरडा सराव करतो, काय बदलेल तेवढं छापतो. यादी पटली की मगच ‘नोटेस्ट’ जोडून पुन्हा. ग़ज़लच्या फोल्डराची गत तिथेही तीच, त्याला वेगळं बदलावं लागेल.

पुढे मॅकवरून पुन्हा आरसिंक करणार असाल तर त्यात ‘आयकॉन्व्ह’ हा पर्याय आहे: बरोबरच्या चिन्हापुढे आधी स्थानिक बाजू, यूटीएफ-८-मॅक, मग स्वल्पविराम, मग पलीकडची, यूटीएफ-८. ढकला किंवा ओढा, क्रम तोच राहतो. मॅकसोबत वर्षानुवर्षं आलेला आरसिंक २.६.९ होता आणि हा पर्याय ३.० पासूनचा, तेव्हा होमब्रूमधून (मॅकवर प्रोग्राम बसवायची सोय) नवा घ्या. सगळं पाठवण्याआधी वाऱ्याचं एक आणि ग़ज़लमधलं एक गाणं पाठवून पलीकडे काय नाव पोचलं ते तपासा.

---

उजळणी

याच धाग्यात एक विचारतो. आयट्यून्स नाही, पण प्लेलिस्ट एमथ्रीयू (गाण्यांच्या पत्त्यांची साधी यादी-फाइल) करून अँड्रॉइड फोनवर नेली की इंग्रजी गाणी वाजतात, मराठी ओळींत नुसती प्रश्नचिन्हं. हेही ऱ चंच का?

---

पाइपलाइन

नाही, हे वेगळं आणि सोपं. साधी एमथ्रीयू फाइल विंडोजच्या जुन्या कोड पेजमध्ये, म्हणजे मर्यादित अक्षरसंचात, लिहिली जाते. त्यात देवनागरी बसत नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाचं प्रश्नचिन्ह होतं. ते उलटवता येत नाही, मूळ नाव त्या फाइलमधून गेलेलंच असतं. प्लेलिस्ट पुन्हा काढा, या वेळी एमथ्रीयू८ निवडून. ती यूटीएफ-८ असते.

मग नोटपॅडमध्ये उघडून दोन गोष्टी बघा. पत्त्यात ई: वगैरे ड्राइव्ह असेल तर तो काढा, प्लेलिस्टची फाइल गाण्यांच्या फोल्डरातच ठेवा आणि पत्ता तिथून पुढचा लिहा. उलट्या रेघा (बॅकस्लॅश) सरळ (फॉरवर्ड स्लॅश) करा, फोनला उलटी रेघ फोल्डरची खूण वाटत नाही. एवढं करूनही फक्त ‘वाऱ्या’चीच गाणी वाजेनात, तर मग वरचं सगळं वाचा.

---

मंद्रसप्तक

फोल्डरचं नाव बदलताच ग़ज़लची ६५ पैकी ६१ आली. चार फाइल्सच्या नावात अखंड ज़ हवा होता, ती एकेक करून जुळवली. नऊ मॅकवर सापडली, सातांत सुटा ऱ होता. ‘प्लेलिस्ट इज नॉट जिवंत’ आता रिकामी आहे. एकच राहिलं: ई: हे अक्षर पेन ड्राइव्ह लावला की पुन्हा जाईल का?

---

खर्ज

डिस्क काढलेली असताना पेन ड्राइव्ह ई: घेऊन बसला तर जाऊ शकतं. तुमच्या दोन-तीन नेहमीच्या पेन ड्राइव्हना आणि कार्ड रीडरला डिस्क मॅनेजमेंटमधून पी:, क्यू: अशी मागची अक्षरं देऊन टाका, विंडोज ती त्या त्या ड्राइव्हपुरती लक्षात ठेवतं. आणि डिस्क जोडून ई: दिसल्यावरच आयट्यून्स उघडा.